मेन स्विचच्या मागची वायर

कोथरूडमधला १९७८ च्या बांधणीचा फ्लॅट घेताना आम्ही कागदपत्रं वकिलाकडून तपासून घेतली, भर पावसात जाऊन गळती पाहिली, पाणी किती वाजता येतं तेही विचारलं. विजेचं मात्र, दिवे लागतात एवढंच पाहिलं. एप्रिलात एसी बसवला आणि तिसऱ्याच रात्री मीटररूममधला कटआउट जळाला. वास तळमजल्यावरच्या काकांना आला. आम्ही वर दारं-खिडक्या लावून लेकीसह गाढ झोपलो होतो. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. म्हणून जुनं घर घेणाऱ्यांसाठी हे मुद्दे.

१. घर बघायला जाल तेव्हा वीजबिल मागा. त्यावर मंजूर भार छापलेला असतो, सिंगल फेज की थ्री फेज तेही. आमच्या बिलावर १ किलोवॅट होता. घर बांधलं त्या काळच्या दिव्या-पंख्यांना तो पुरत असणार. बिल माझ्या हातात होतं, पण मी थकबाकी आहे का तेवढंच बघितलं.

२. आपल्या वापराची बेरीज कागदावर मांडा. दीड टनी एसी साधारण दीड किलोवॅट, गीझर २, इंडक्शन २, इस्त्री १. झाले साडेसहा किलोवॅट, म्हणजे २३० व्होल्टला सुमारे २८ अँपिअर. सगळं एकदम चालत नाही, हे खरं. पण शाळेच्या दिवशी सकाळी गीझर आणि इंडक्शन एकत्र चालतातच, आणि तेवढ्यानेच १७ अँपिअर होतात.

३. भार मंजूर करून घेतला की काम झालं, असं मला वाटलं होतं. वायरमनकाकांनी मला मीटररूममध्ये नेऊन सगळा रस्ता दाखवला: सर्व्हिस केबल, कटआउट, मीटर, मेन स्विच, तिथून वर जिन्याने आलेली वायर, घरातला बोर्ड. यातला सगळ्यात कमजोर तुकडा जेवढं पेलेल तेवढंच घर पेलणार. आमच्याकडे तो तुकडा म्हणजे तिसऱ्या मजल्यापर्यंत आलेली जुनी ॲल्युमिनियमची वायर. त्या काळच्या घरांत ती सर्रास सापडते. तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा ती कमी प्रवाह वाहून नेते. शिवाय स्क्रूखाली दबून दबून ती सैल होते, वर ऑक्साइडचा थर धरते, मग सांधा तापतो आणि तापल्यामुळे आणखी सैल होतो. असा सांधा जळत असताना फ्यूज उडेलच असं नाही, कारण प्रवाह मर्यादेतच असतो. म्हणून काळवंडलेले स्क्रू आणि कडक होऊन तडकलेलं वायरचं आवरण डोळ्यांनी बघायला हवं, तेही मेन बंद करून, जाणत्या वायरमनकडूनच. आमच्या किटकॅट फ्यूजमध्ये तर कुणीतरी फ्यूज वायरऐवजी तांब्याची जाड तार गुंडाळली होती. ती कशानेच वितळली नसती.

४. तीन भोकांचा सॉकेट दिसला म्हणजे अर्थिंग आहे, असं समजू नका. आमच्या बाथरूममधल्या सॉकेटच्या मोठ्या भोकामागे वायरच नव्हती, आणि त्यावर गीझर चालत होता! टेस्ट लॅम्पने तपासणं काही मिनिटांचं काम आहे. एमसीबी वायरिंगला जपतो. माणसाला शॉकपासून वाचवायला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. यात काटकसर करू नका.

५. सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी भेटा. डक्टमधून नवी वायर न्यायला परवानगी लागते, आणि इमारतीची मुख्य केबल सगळ्यांची असते. मी खाली उभं राहून बाहेर लटकणारे एसी मोजले: अकरा. केबल मात्र पहिल्यापासूनची. ती बदलायचा विषय सभेत काढावा लागला.

६. रंगकाम शेवटी. आम्ही आधी रंग दिला, मग भिंती खोदल्या. पॉवर पॉइंटला अडीच आणि एसी-गीझरला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घातली, परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडून भारवाढीचा अर्ज दिला. हा खर्च घराच्या किमतीत धरूनच मालकाशी बोलायला हवं होतं. यंदा ठाण्यात बहिणीने जुनं घर बघितलं तेव्हा वायरमनला सोबत नेलं, अंदाजपत्रक घेतलं आणि मगच बोलणी केली.

काम संपल्यावर वायरमनकाकांनी घरातल्या नव्या बोर्डाच्या झाकणाच्या आत कागद चिकटवला आणि कोणता एमसीबी कशाचा, ते लिहिलं. मग लेकीला बोलावून त्यांनी तिच्याकडून तो मोठ्याने वाचून घेतला, आणि मेन कुठला ते बोट ठेवून दाखवायला सांगितलं.