दाताला धरून ठेवतो कोण?

उल्हासनगर कॅम्प २ च्या फर्निचर बाजारात खुर्चीचा पाय कसा बसवतात, पाहिले आहे का? खाचेत सरस लावून पाय ठोकला, की तो तसूभरही हलत नाही. दातही जबड्यात असाच ठोकलेला असेल, असे तुम्हाला वाटेल. पण तसे नाही!

दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा, धाग्याधाग्यांचा पापुद्रा असतो. त्याला ‘परिदंत बंध’ म्हणतात. झोपाळ्याच्या दोऱ्यांसारखे हे धागे दाताला तोलून धरतात आणि चावतानाचा दणका सोसतात. डोक्यावरचा एक केस समोरच्या दातांत धरून हलकेच चावा. केस चटकन कळतो ना? ही बातमी मेंदूला मुख्यतः या बंधातले मज्जातंतूच देतात.

दात नीट न घासल्यास त्यांच्या मुळाशी जंतूंचा चिकट थर साठतो. हिरड्या सुजतात, त्यांतून रक्त येते. दुर्लक्ष केले, तर बंधाचे धागे तुटतात, भोवतालचे हाड झिजते आणि न किडलेला दातही हलू लागतो. पुष्कळदा दुखत नाही, म्हणून हा रोग उशिरा कळतो.

मोडलेला हात सांधतो, मग हा बंध का सांधत नाही? कारण येथे जागेची शर्यत असते. हिरडीच्या वरच्या थरातील पेशी भराभर वाढून मुळालगतची जागा अडवतात. बंधाच्या पेशी मागे पडतात.

२००४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांना, काढून टाकलेल्या अक्कलदाढांच्या बंधात मूलपेशी सापडल्या. मूलपेशी म्हणजे जिचे काम अजून पक्के ठरलेले नाही, अशी पेशी. उंदरांच्या शरीरात सोडल्यावर या पेशींनी दाताच्या मुळावरील कठीण थर आणि बंध यांसारख्या ऊती तयार केल्या.

मग माणसांत? २०१६ मध्ये चीनमधील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रुग्णांच्याच मूलपेशी हाड भरून काढणाऱ्या द्रव्यात मिसळून वापरल्या होत्या. उपचार सुरक्षित ठरला, पण नुसते द्रव्य वापरलेल्या रुग्णांहून ठळक फरक दिसला नाही. संशोधन चालूच आहे.

तोवर आहे तो बंध जपणे आपल्याच हाती! मशेरीने दात स्वच्छ होतात, हा गैरसमज आहे. ती भाजलेली तंबाखूच. दिवसातून दोनदा दात घासा. हिरडीतून रक्त आले म्हणून घासणे सोडू नका, दंतवैद्यांना दाखवा.