जन्मस्थान, व्हिसा आणि स्थलांतराचा आकडा

स्थलांतराचा आकडा हाती आला की त्यात नेमके काय मोजले आहे, हा प्रश्न प्रथम विचारावा. लोअर परळ हा गिरणगावाचा भाग. येथील गिरण्यांत कोकणातून, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यातून, मोठ्या संख्येने कामगार आले. १९२१ च्या जनगणनेत मुंबईच्या दर शंभर रहिवाशांपैकी सुमारे ८४ जण शहराबाहेर जन्मलेले आढळले. हजार पुरुषांमागे स्त्रिया सुमारे सव्वापाचशेच होत्या. पुरुष चाळीत आणि कुटुंब गावी, असे चित्र या दोन नोंदी एकत्र वाचल्यावर उभे राहते.

तथापि, जन्मस्थानावरून स्थलांतराचे कारण कळत नाही. बाळंतपणासाठी गावी गेलेल्या स्त्रीचे मूल जन्मस्थानामुळे ‘बाहेरचे’ ठरे. परळमध्ये जन्मलेले त्याचे भावंड मात्र ‘स्थानिक’. घर एकच, नोंदी दोन! स्थलांतराचे कारण भारतीय जनगणनेत १९८१ पासून विचारले जाऊ लागले.

हीच दक्षता व्हिसाच्या आकडेवारीतही हवी. अमेरिकेच्या एच-वन-बी व्हिसाची सर्वसाधारण वार्षिक मर्यादा ६५,००० आहे. मंजूर अर्ज मात्र त्याहून कितीतरी अधिक असतात. मुदतवाढीचे व नोकरी बदलल्याचे अर्जही त्यांत मोजले जातात. म्हणून मंजुरी वाढली, तेवढी माणसे नव्याने गेली, असे म्हणता येत नाही.

स्वयं-अध्ययन : आपल्या कुटुंबातील तीन पिढ्यांचे जन्मस्थान, वास्तव्याचे ठिकाण व स्थलांतराचे कारण यांचा तक्ता करा. केवळ जन्मस्थानाचा रकाना वाचणाऱ्याचा कोणता निष्कर्ष चुकेल, ते लिहा.