लेकुरवाळीचा अर्धा तास



"दिवसभर राबतेच की मी, आणखी व्यायाम कशाला?" लहान मुलांच्या आया हा प्रश्न हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे. पाण्याचे हंडे वाहणे, जिने चढणे, लेकराला घेऊन भरभर चालणे, हे सगळे व्यायामातच मोजले जाते. पण उकिडवे बसून भांडी घासणे, वाकून धुणे, एकाच कडेवर लेकरू घेणे यात हृदयाची गती फारशी वाढत नाही. उलट कंबर आणि खांदे आखडतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितले, की बाळंतीण झालेल्या स्त्रीनेही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. तोही एका दमात नको. दहा-दहा मिनिटे तीनदा चालेल. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, एवढा वेग पुरे.

फायदा काय? झोप सुधारते, मनावरचे मळभ कमी होते, वजन आटोक्यात राहते. गरोदरपणी साखर वाढली होती, त्यांना पुढे मधुमेहाचा धोका जास्त असतो. त्यांनी चालणे सोडूच नये. असे चालल्याने अंगावरचे दूध आटत नाही.

खोकताना, हंडा उचलताना लघवीचे थेंब गळतात? लाजू नका, हे अनेकींना होते. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो, ते पाच आकडे मोजेपर्यंत आवळा, मग सैल सोडा. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखू नका. पोळ्या लाटतानाही हे करता येते.

साधी प्रसूती असेल तर बरे वाटू लागताच हळूहळू चालायला लागा. सिझेरियन झाले असेल तर डॉक्टरांना विचारूनच वाढवा. रक्तस्राव वाढला, छातीत दुखले, चक्कर आली किंवा एकाच पोटरीला सूज येऊन दुखू लागले, तर थांबा आणि लगेच दवाखाना गाठा. थोडे चालूनही धाप लागत असेल तर हिमोग्लोबिन तपासा. आपल्या देशात निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. बाळंतपणानंतर १८० दिवस लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. त्या अर्ध्यावर सोडू नका.

खरी अडचण वेगळीच आहे. बाईला वेळ नसतो असे आपण म्हणतो. खरे तर तिच्या हातातले लेकरू घ्यायला कोणी नसते. म्हणून हे पान घरातल्या पुरुषांनी आणि सासूबाईंनीही वाचावे. रोज अर्धा तास बाळ सांभाळणे म्हणजे तिच्यावर उपकार नव्हे, तो तिच्या आरोग्याचा हक्क आहे. घरात कोणी नसेल तर गल्लीतल्या चौघी एकत्र या. विहाराच्या अंगणात दोघींनी मुले सांभाळावीत, दोघींनी चालावे, मग पाळी बदलावी. येत्या सोमवारपासून दहा मिनिटांनी सुरुवात करा.