हृदयाचें कंपन

गेल्या पावसाळी सत्रांत शरीरशास्त्राचा पाठ चालला असतां आम्हीं नववीच्या वर्गास घरीं करावयाचें एक लहानसें काम दिलें होतें. घरांतील प्रत्येकाच्या मनगटावर तीन बोटें ठेवून मिनिटास नाडीचे ठोके किती पडतात तें वहींत लिहून आणावें, एवढेंच तें काम. दुसरे दिवशीं एका विद्यार्थ्याच्या वहींत आजीच्या नांवापुढील जागा कोरी होती. विचारतां तो म्हणाला, "सर, तीन वेळां मोजली, तिन्ही वेळां आकडा निराळा आला. मध्येंच धांवते, मध्येंच थांबते. तिला तालच नाहीं." वर्ग हसला. आम्हांस मात्र हसूं आलें नाहीं. मुलाचें निरीक्षण अचूक असावें, अशी शंका आम्हांस आली. त्या कोऱ्या जागेमागें जो रोग असूं शकतो, त्याची ओळख विद्यार्थ्यांस व पालकांस करून द्यावी, हा या लेखाचा हेतु आहे.

हृदयाचे कप्पे चार. वरच्या दोहोंस अलिंद व खालच्या दोहोंस निलय म्हणतात. अलिंदांत रक्त येऊन जमतें. निलय तें फुप्फुसांकडे व सर्व शरीराकडे ढकलतात. उजव्या अलिंदाच्या भिंतींत वरच्या बाजूस पेशींची एक बारीक गांठ आहे. आर्थर कीथ व मार्टिन फ्लॅक या शास्त्रज्ञांनीं ती १९०७ सालीं दाखवून दिली. स्वस्थ बसलेल्या मनुष्यांत ही गांठ मिनिटास ६० ते १०० वेळां विजेचा सूक्ष्म इशारा देते. तो प्रथम अलिंदांत पसरतो व मग एका अरुंद वाटेनें निलयांत उतरतो. कवाईतीच्या मैदानावर एका शिटीसरशीं सर्व मुलांनीं पाऊल उचलावें, तसे हृदयाचे सर्व तंतु या इशाऱ्यासरशीं आकुंचन पावतात.

आतां त्याच मैदानावर शंभर शिट्या शंभर ठिकाणीं वाजूं लागल्या तर काय होईल? पाय सर्वांचेच हालतील. परंतु पलटण पुढें जाणार नाहीं. हृदयाच्या स्नायूची अशी अवस्था होते, तिलाच फिब्रिलेशन, म्हणजे तंतुकंपन, असें म्हणतात. तेथें स्नायु निजलेला नसतो. तो थरथरत असतो, पण त्या श्रमाचें फळ मिळत नाहीं.

हें कंपन कोठें होतें, यावर सर्व कांहीं अवलंबून आहे. तें अलिंदांत असेल तर तेथें मिनिटास ३०० ते ६०० विस्कळित इशारे उठतात. मधली अरुंद वाट त्यांतील थोडेच खालीं जाऊं देते, म्हणून मनुष्य जगतो. पण नाडी बेताल होते. छातींत धडधडतें, दम लागतो, जिना चढतांना थकवा येतो. कित्येकांस तर कांहींच जाणवत नाहीं, आणि खरा धोका तेथेंच आहे. थरथरणाऱ्या अलिंदांतून रक्त नीट पुढें सरत नाहीं; डाव्या अलिंदाच्या पिशवीसारख्या कोपऱ्यांत तें सांचून गोठतें. अशी गुठळी सुटून मेंदूच्या रक्तवाहिनींत अडकली कीं अर्धांगवायु होतो. या रोगांत तो धोका सुमारें पांचपट वाढतो.

उतारवय, रक्तदाब, मद्यपान, गळ्यांतील थायरॉईड ग्रंथीचा अतिरेक हीं याचीं कारणें आहेत. आमच्या देशांत आणखी एक कारण आहे, आणि तें शाळेच्या वयांतच सुरू होतें. विशिष्ट जंतूंमुळें मुलांचा घसा सुजतो. उपचार न झाल्यास कांहींस सांधेदुखीचा ताप येतो व हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात. पुढें कित्येक वर्षांनीं अलिंद ताणलें जाऊन कंपन सुरू होतें. म्हणून घशाच्या दुखण्याबरोबर ताप आल्यास डॉक्टरांस दाखवावें, आणि त्यांनीं पेनिसिलिनसारखें औषध दिल्यास बरें वाटलें म्हणून तें मध्येंच सोडूं नये.

कंपन निलयांत झालें तर गोष्ट निराळी. रक्ताचा प्रवाह तत्काळ बंद पडतो, मनुष्य कांहीं सेकंदांत बेशुद्ध होतो, आणि चार-पांच मिनिटांत मेंदूस इजा होऊं लागते. १९४७ सालीं अमेरिकेंतील क्लीव्हलंड येथें शस्त्रक्रिया चालू असतां एका चौदा वर्षांच्या मुलाचें हृदय असें कांपूं लागलें. डॉ. क्लॉड बेक यांनीं तें हातानें दाबीत रक्त चालू ठेविलें व विजेचा धक्का देऊन मुलास वांचविलें. आज असा प्रसंग रस्त्यांत आला, मनुष्य निश्चेष्ट असला व त्याचा श्वास नीट चालत नसला, तर महाराष्ट्रांत १०८ क्रमांकास बोलावणें धाडावें, आणि मदत येईपर्यंत छातीच्या मध्यभागीं दोन्ही तळहातांनीं मिनिटास १०० ते १२० वेळां, मोठ्या माणसांत सुमारें पांच सेंटिमीटर खोल, दाबीत राहावें.

प्रत्येक बेताल नाडी म्हणजे हा रोग नव्हे. निर्णय ईसीजीवरून होतो. त्या यंत्राबद्दल विलेम आइन्थोव्हेन यांस १९२४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

आमच्या सांगण्यावरून त्या आजीबाईंचा ईसीजी काढण्यांत आला. अलिंदांतच कंपन होतें. दम लागतो तो वयामुळें, असें त्या समजत होत्या. नाडी अद्यापि तालावर आलेली नाहीं; परंतु औषधानें तिचा वेग आटोक्यांत आहे, व रक्त गोठूं नये म्हणून दुसरें औषध त्या नेमानें घेतात. नातवानें वहींतील कोऱ्या जागेंत आकड्याऐवजीं "अनियमित" हा शब्द लिहिला. आम्हीं त्यास पूर्ण गुण दिले. ज्या वर्गानें त्यास हसलें होतें, त्यानें त्या संध्याकाळीं घरोघर नाडी पुन्हां मोजली. वाचकांनींही आज आपल्या घरीं तसेंच करावें.