मांजराचा दमा आणि औषधाची परीक्षा

मांजर जमिनीशीं अंग चिकटवून, मान पुढें काढून खोकूं लागलें म्हणजे घरचीं माणसें म्हणतात, "घशांत केस अडकला असेल." पुष्कळदां तसें असतेंही, पण कधीं कधीं तो दमा असतो. धूळ, पराग अशा निरुपद्रवी वस्तूंस शरीर शत्रु समजतें. मग श्वासनलिका सुजतात, आकसतात आणि त्यांत इओसिनोफिल नांवाच्या पांढऱ्या पेशी जमतात.

यावर एखादें औषध गुणकारी आहे हें ठरवावें कसें? औषध दिलें व खोकला थांबला, एवढ्यानें तें सिद्ध होत नाहीं. दमा आपोआपही कमीअधिक होतो; शिवाय मांजर पाळणाराच्या डोळ्यांवर आशेचा पडदा असतो.

अमेरिकेंतील मिसूरी विद्यापीठाच्या संशोधकांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलेला एक प्रयोग पाहा. त्यांनीं हरळीपासून काढलेल्या द्रव्यानें ९ मांजरांत दमा उत्पन्न केला. ही हरळी म्हणजे आपल्या अंगणांतील दूर्वाच होय. औषधें दोन होतीं: शिंका येत असतां माणसें घेतात तें सेटिरिझीन, आणि सायप्रोहेप्टाडीन. प्रत्येक मांजरास एकेक आठवडा हीं औषधें आळीपाळीनें दिलीं, आणि एक आठवडा नुसतें पीठ भरलेली कुपी दिली. क्रम चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दैवावर सोपविला होता. मध्यें कांहीं दिवस औषध बंद असे. प्रत्येक पाळीच्या आधीं व नंतर फुप्फुसांत क्षारजल सोडून, तें परत काढून, त्यांतील पेशी मोजल्या.

निष्पन्न काय झालें? दोहोंपैकीं एकाही औषधानें इओसिनोफिलांचें प्रमाण लक्षांत येण्याजोगें घटलें नाहीं. माणसाच्या शिंकांस उपयोगी पडणारें औषध मांजराच्या श्वासनलिकांची सूज उतरवील, हा तर्क सयुक्तिक होता. तरी तो खरा ठरला नाहीं. पिठाची कुपी नसती, तर हें इतक्या निश्चयानें सांगतां आलें नसतें. तीच येथें निःपक्षपाती साक्षीदार होती.

एक गोष्ट मात्र विसरूं नये. ज्ञानासाठीं ९ मुक्या जीवांस आजारी करावें लागलें. असा प्रयोग निष्काळजीपणें करणें हा दुहेरी अपराध होय: त्यांचे क्लेश व्यर्थ जातात, आणि पुढें हजारों मांजरांस निरुपयोगी औषध पाजलें जातें.

पालकांस विनंती एवढीच कीं, घरचें मांजर असें खोकत असेल तर माणसांचीं औषधें त्यास आपल्या मनानें देऊं नयेत. धूर व तंबाखू त्यापासून दूर ठेवावीं आणि पशुवैद्यास दाखवावें. सूज उतरविणारीं स्टेरॉइड औषधें उपलब्ध आहेत. तीं किती व कशीं द्यावींत, हें त्यानेंच ठरवावें.