पूर अडविणारें मातीचें धरण

धरण म्हटलें कीं बारमाही भरलेला तलाव डोळ्यांपुढें येतो. पूर अडविणाऱ्या धरणाचें खरें धन मात्र त्याच्या पोटांतील रिकामी जागा होय. हें स्पष्ट व्हावें म्हणून अमेरिकेंतील ओक्लाहोमा संस्थानाचें उदाहरण आम्ही येथें देत आहों.

तेथील वॉशिटा नदीस एप्रिल १९३४ मध्यें महापूर येऊन हॅमन गांवाजवळ १७ माणसें दगावलीं. पुढें १९४४ च्या पूरनियंत्रण कायद्यानें निवडलेल्या अकरा खोऱ्यांत वॉशिटाचाहि समावेश झाला. नदीस मिळणाऱ्या ओढ्यांवरच लहान धरणें बांधावयाचें ठरलें. त्यांपैकीं पहिलें कॉर्डेल गांवाजवळ क्लाउड क्रीक या ओढ्यावर जुलै १९४८ मध्यें पुरें झालें. आज ओक्लाहोमांत अशीं दोन हजारांहून अधिक धरणें आहेत.

यांची रचना साधी असते. ओढ्यास आडवा, थराथरानें दाबलेल्या मातीचा भराव घालतात व त्याखालून एक नळ काढतात. नळाच्या तोंडापर्यंतच पाणी टिकतें. तेवढी जागा गाळासाठीं. वरील जागा रिकामी राखलेली असते. पाऊस कोसळला कीं पाणी तींत चढतें व नळ तें आपल्या बेतानेंच सोडतो. झडप उघडण्यास माणूस लागत नाहीं. कांहीं तासांचा लोंढा अशा रीतीनें कांहीं दिवसांत ओसरतो. अतिवृष्टीसाठीं भरावाच्या बगलेस गवताळ सांडवा ठेवतात. कारण मातीच्या भरावावरून पाणी वाहूं लागलें, तर तो धुपून फुटण्यास वेळ लागत नाहीं.

बांधण्याहून राखणें अवघड. भरावावर झाडें वाढूं देऊं नयेत. मुळें कुजलीं कीं पाण्यास वाट होते. घुशींचीं बिळें वेळींच बुजवावीं. नळाचें तोंड व सांडवा मोकळा ठेवावा. पायथ्याशीं गढूळ पाणी झिरपूं लागल्यास आंतून माती वाहत आहे असें समजून तत्काळ वर्दी द्यावी. वरच्या शेतांस बांधबंदिस्ती नसेल, तर रिकामी जागा गाळानेंच भरून जाईल.

जमीन पाण्याखालीं जाते वरच्याची, वांचते खालच्याची. म्हणून राखणीचा भार उभयतांनीं वाटून घेतला पाहिजे. रत्नागिरी जिल्ह्यांतील तिवरे येथील मातीचें धरण २ जुलै २०१९ च्या रात्रीं फुटून अनेकांचे प्राण गेले. तें पाणी सांठविण्यासाठीं होतें. परंतु मातीचा धर्म दोहींकडे एकच. पावसाळ्यापूर्वीं एकदां भरावावरून पायीं फिरून येणें, हा गांवाचा नेम असावा.