इन्स्टाग्रामचं खातं कायमचं बंद झालं? या, वही घेऊन बसा

सकाळी ॲप उघडलं आणि खातं बंद केल्याची सूचना समोर आली. पोटात गोळा आला ना? येणारच. घरातल्या भाजणी-चकलीचे फोटो टाकून टाकून जमवलेलं गिऱ्हाईक त्यात होतं. चहा ठेवा, तोवर मी वही उघडते. लागेल काय? हाच फोन, पेन, चालू असलेला ईमेल आणि आजचा तासदीड तास. क्रम मात्र मोडायचा नाही; पायरी 7 आणि 8 तेवढ्या उत्तर येईल तशा.

1. सूचनेचा स्क्रीनशॉट घ्या. रागाच्या भरात ॲप उडवू नका, लॉगआउटही करू नका. पुढची कामं याच पडद्यावरून व्हायची आहेत.

2. सूचना शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. दाद मागायला 180 दिवस आहेत असं लिहिलं असेल, तर दार अजून किलकिलं आहे. कायमचं बंद, फेरविचार नाही, असं असेल तर पायरी 5 सोडून द्या. वाचायचं ते ॲपमध्येच. ‘तुमचं खातं बंद होतंय, इथे क्लिक करा’ असे खोटे ईमेलही फिरतात.

3. त्याच पडद्यावर माहिती डाउनलोड करायचा पर्याय असेल तर तो दाबा. प्रकार विचारला की एचटीएमएल निवडा, साध्या ब्राउझरमध्ये उघडतं. फाइल तयार झाली की ईमेल येतो. त्यातली लिंक थोडेच दिवस चालते, ‘रविवारी निवांत बघू’ म्हणालात की गेली. पर्यायच दिसत नसेल तर फोनच्या गॅलरीत इन्स्टाग्राम नावाचा फोल्डर आहे का बघा. काही फोटो तिथे पडलेले सापडतात.

4. आता वही. आठवतील तेवढ्या गिऱ्हाइकांची नावं लिहून काढा. हे आजच्या आज, कारण त्यांची खाती ज्या टोपणनावांनी होती ती आठवड्याभरात डोक्यातून पुसली जातात. आठवेना झालं की गुगल पे किंवा फोनपेचा जुना व्यवहार उघडा आणि महिन्यामहिन्यानं मागे सरका: 340 रुपये आले, कोणाचे? अरे हो, त्या कोथरूडच्या काकू, चकली कमी तिखट लागते. लिहा, ‘कमी तिखट’सुद्धा लिहा. मग कुरिअरच्या पावत्या काढा, त्यावर पत्ता आणि नंबर दोन्ही असतात. एका मैत्रिणीबरोबर बसून अशी यादी केली होती; ‘मला कोणीच आठवत नाही’ म्हणणारीची तीन पानं भरली. फक्त एक करा, नावापुढे नंबर नसला तर जागा कोरी ठेवा, अंदाजानं भरू नका.

5. दाद मागायचा अर्ज भरा. तीन वाक्यं पुरे: ‘हे खाते मी घरगुती खाद्यपदार्थांसाठी वापरते. माझ्याकडून कोणता नियम मोडला गेला ते समजले नाही. कृपया माणसाकडून तपासणी व्हावी.’ इंग्रजीत लिहायचं तरी एवढंच. ओळख पटवायला सेल्फी मागतील, तो उजेडात काढा. दहा वेळा तोच अर्ज पाठवू नका आणि शिव्या तर अजिबात नकोत, मनात कितीही आल्या तरी.

6. ‘पाच हजारांत खातं परत आणून देतो’ म्हणणाऱ्याला ब्लॉक करा. खातं गेल्याचं कुठे बोललात की अशी मंडळी हजर होतात. पैसे किंवा ओटीपी देऊन बसला असाल तर लगेच 1930 वर फोन लावा. इथे तासाभराचा उशीरही महाग पडतो.

7. उत्तर नकाराचं आलं, किंवा पायरी 5 सोडावीच लागली, तर कंपनीच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याकडे, म्हणजे ग्रिव्हन्स ऑफिसरकडे, तक्रार करा. त्यांची माहिती ॲपच्या मदत विभागात मिळते. तक्रार क्रमांक वहीत उतरवा. तो हरवला तर पुढची पायरी अडते.

8. तिथेही पदरी काही पडलं नाही, तर केंद्र सरकारच्या ग्रिव्हन्स अपेलेट कमिटीकडे अपील करा. सगळं ऑनलाइन, जीएसी डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर, शुल्क नाही. तक्रार अधिकाऱ्याचं उत्तर मिळाल्यापासून 30 दिवसांत करायचं. ती तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर गोल करून ठेवा.

9. त्या खात्यावरून जाहिराती चालू असतील तर बँकेच्या ॲपमध्ये किंवा यूपीआयमध्ये ऑटोपे बंद करा. खातं बंद म्हणजे पैसे कापणंही बंद, असं धरून चालू नका.

10. त्याच खात्यानं, किंवा त्याला जोडलेल्या फेसबुकनं, इतर कुठे लॉगिन करत होतात ते तपासा. प्रत्येक ठिकाणी ईमेल आणि नवा पासवर्ड लावा.

11. होम स्क्रीनवरून ॲपचं चिन्ह हलवा, तिथे कॅल्क्युलेटर ठेवा. अंगठा सवयीनं तिथेच जाणार, दिवसातून वीसदा, आणि दर वेळी जीव थोडासा हलणार. कॅल्क्युलेटर उघडला की निदान हसू येतं. ॲप काढायचं मात्र नाही, अर्जाचं उत्तर तिथेही येऊ शकतं.

12. दुसरं खातं उघडायची घाई आवरा. बंदी चुकवायला काढलेलं खातंही बंद होतं, आणि चालू अर्जाला त्यानं मदत होत नाही.

13. डब्यांवरच्या लेबलवर जुन्या खात्याचं नाव असेल तर त्यावर फोन नंबरचा स्टिकर चिकटवा. पत्रकांचा गठ्ठा उरलाय म्हणून तसाच वाटू नका. त्याच नावाचं बनावट खातं कोणी काढलं तर गिऱ्हाईक तिकडे जाईल.

14. व्हॉट्सॲपवर रोज दहा-पंधराजणांना नावानिशी निरोप पाठवा: ‘काकू, माझं इन्स्टाग्राम बंद झालंय. ऑर्डर आता याच नंबरवर. हा नंबर सेव्ह कराल का?’ शेवटचं वाक्य गाळू नका. ज्यांनी नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तुमचा ब्रॉडकास्ट, म्हणजे पुढे यादीतल्या सगळ्यांना एकदम पाठवलेला निरोप, पोचत नाही. आणि एका दमात दोनशे अनोळखी नंबरांना तोच मजकूर पाठवलात, तर व्हॉट्सॲपही बंद व्हायचं. मग आपण पुन्हा पायरी 1 वर.

15. उद्या सकाळी अकराला यादीतल्या पहिल्या नावाला फोन लावा. खात्याचं रडगाणं दोन मिनिटांत आटपा, मग विचारा, ‘भाजणी किती देऊ, अर्धा किलो की एक?’